सुचलेली गोष्ट सांगून टाकावी की सांभाळून ठेवावी?

गोदाकाठ

मंडळी, दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन यायला लागले की दर पावसाळ्यात हा विषय माझ्या डोक्यात येतो. यंदा विचारूनच टाकते, आपलं आणि आपल्याला सुचलेल्या गोष्टीचं नातं काय?

एखादी गोष्ट सुचते. अख्खी नाही, नुसतं बीज. एक माणूस, एक जागा आणि त्या माणसाचं तिथे काहीतरी अडलेलं. पुढे तुम्ही तिचं काय करता? लगेच लिहायला बसता, वहीत टिपून ठेवता, घरच्यांना सांगता, की कुणाला कळू न देता जवळ ठेवता?

माझ्याकडे एक कथाबीज कित्येक वर्षं आहे. त्याच्यानंतर सुचलेल्या कथा लिहून झाल्या, छापून आल्या, लोकांनी वाचल्या. ही मात्र तशीच. भाजी निवडताना, सीबीएसला बसची वाट बघताना आठवते आणि दर खेपेला थोडी बदललेली असते. कधी त्यातला म्हातारा तापट असतो, कधी अगदी गरीब स्वभावाचा. लिहायला बसले की वाटतं, कागदावर उतरली की जी एकच होईल ती होईल, बाकीच्या सगळ्या जातील. कुणाला सांगावी तर सांगण्यातच तिचा जोर निघून जाईल अशी भीती.

कथाबीजावर लेखकाची मालकी थोडी आणि जबाबदारी फार, असं माझं मत होत चाललंय. ते आपल्याकडे आलं, दुसऱ्या कुणाकडे गेलं नाही, तर ते वाया जाऊ न देणं आपलं काम. पण हे काम करायचं कसं? छापून आलेल्यांनीच लिहावं असं नाही. ज्यांच्या मनात नुसतीच एखादी गोष्ट घर करून आहे त्यांनीही लिहा.

अक्षरवेल

सांगू नये. माझं ठाम मत.

एका सहलीला त्र्यंबकहून परत येताना गाडीत मैत्रिणींना एक गोष्ट रंगवून सांगितली होती. सगळ्यांचे डोळे भरून आले. घरी येऊन लिहायला बसले तर हात हलेना. लिहून जे मिळवायचं होतं ते गाडीतच मिळून गेलं होतं. ती गोष्ट आजही त्या मैत्रिणी आठवतात, माझ्याकडे तिचं एक पानसुद्धा नाही.

कादंबरीकार हेन्री जेम्सने तर याच्याही पुढचं सांगितलंय. एका जेवणाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी त्याला सहज ऐकवलं की अमक्या घरी आई आणि मुलगा घरातल्या सामानावरून हातघाईवर आलेत. त्याला तेवढ्या चार शब्दांतच गोष्ट दिसली. बाई पुढे खरं काय काय झालं ते सांगत राहिल्या आणि याला वाटत होतं, आता थांबा. दुसऱ्याने सांगितलेलंसुद्धा जास्त झालं तर बीज बिघडतं. मग आपणच आपलं सगळं बोलून कसं चालेल?

सातपूरकर

माझा अनुभव बरोबर उलटा आहे, अक्षरवेल ताई.

मी सातपूरला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. तिसऱ्या पाळीला कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसतो त्या मित्राला गोष्ट सांगतो. तोही दमलेला असतो, त्यामुळे खोटं कौतुक करायच्या फंदात पडत नाही. जिथे तो खिडकीबाहेर बघायला लागतो तिथे मला कळतं, आपण इथे पाणी घातलंय. जिथे 'मग?' म्हणतो ती जागा पक्की.

एकदा गेटपाशी बस लागली तरी हा उठेना. म्हणाला, पोरगी परत आली का नाही तेवढं सांग. मलाच माहीत नव्हतं. रात्रभर मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावताना, काढताना, मापं घेताना तेच डोक्यात. सकाळी सुटताना त्याला उत्तर दिलं आणि तोच कथेचा शेवट ठेवला. सांगितल्याने गोष्ट संपते हे मला पटत नाही. ऐकणारा बरा हवा.

देवळालीकर

समर्थ सांगून गेलेत, दिसामाजी काही तरी ते लिहावे. आधी लिहा, नातं आपोआप कळेल.

अक्षरवेल

सातपूरकर, तुम्ही शेवट माहीत नसताना सांगता. मी शेवटासकट सांगितली होती. फरक तिथेच असणार. अर्धी सांगितलेली गोष्ट मागे लागत असेल, पूर्ण सांगितलेली निघून जाते. एवढं मान्य. पण माझं मत बदललेलं नाही.

जुना_वाचक

सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, बसून आयुष्यातल्या पुष्कळ दुपारी काढल्या. १८४० साली सुरू झालेलं वाचनालय आपल्या गावात आहे याचा मला अजून अभिमान वाटतो. तिथल्या वाचनातून सांगतो.

गोदाकाठ ताईंना भीती वाटतेय की गोष्ट एकदा कागदावर आली की तिची बाकी रूपं जातील. आपल्या तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रज शिरवाडकरांचं बघा. मॅकबेथचं त्यांनी मराठी रूपांतर केलं, ते राजमुकुट. किंग लिअरचाही विचार चालला होता. पण लिअर मनात घोळत असताना राजाच्या जागी एक म्हातारा नट येऊन उभा राहिला आणि १९७० साली रंगमंचावर आलं ते नटसम्राट. राज्य वाटून टाकणारा राजा तिथे घरदार, पैसा मुलांना वाटून टाकणारा गणपतराव बेलवलकर झाला.

आणि लिअरची गोष्ट शेक्सपिअरची तरी कुठे? त्या राजाची दंतकथा इंग्लंडात त्याच्या कितीतरी आधीपासून सांगितली जात होती. शेक्सपिअरने लिहिली म्हणून ती संपली नाही. इतकी शतकं टिकून एका नाशिककराच्या मनात शिरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

नाटककार वसंत कानेटकरांचंही तेच. 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ चं. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे, बाप आणि मुलगा. एवढं मोठं नाटक लिहून झाल्यावर माणसाने सुटकेचा श्वास सोडावा की नाही? पुढे 'इथे ओशाळला मृत्यू' लिहिलं, पुन्हा संभाजीराजे. लिहिल्यावर बीज संपतं हे मला तरी कुठे दिसलेलं नाही. ताई, बिनधास्त लिहा. राहिलेली रूपं पुढच्या कथेत येतील.

विहितगावकर

जुना_वाचक काका, नाशिकची यादी करताय तर बाबूराव बागूल राहून जायला नकोत. जन्म १९३०, विहितगावचा. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेत परगावी नोकरीला गेलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवावी लागते.

मुद्दाम लिहितोय, कारण इथे सगळे कथाबीज म्हणजे हळुवार, जपून ठेवायची वस्तू धरून चाललेत. काही लेखकांकडे गोष्ट अशी येत नाही. ती जगण्यातून अंगावर चाल करून येते. सांगू की नको हा प्रश्न त्यांना परवडत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा, हे पुन्हा सोसून शब्दांत आणायचं कसं. धाग्याचा विषय 'नातं' असेल तर हे नातंही त्यात धरा.

गोदाकाठ

विहितगावकर, नक्की धरते. तुम्ही लिहिल्यावर माझाच प्रश्न मला नीट दिसला. माझ्या गोष्टीतलं दुःख माझं नाही, शेजारच्या घरचं आहे. मला थांबवणारं कदाचित तेच आहे. त्यावर सविस्तर लिहिते, आज पाहुणे आहेत.

इंदिरानगरी

मालकी थोडी असं म्हणणं सोपं आहे ताई. मी एका कार्यशाळेत माझं कथाबीज सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. पुढच्या दिवाळीत एका अंकात तीच कल्पना. नाव वेगळं, गाव वेगळं, पण खाणावळवाली आणि तिच्याकडे रोज दोन ताटं सांगून एकच जेवणारा माणूस, हे माझं होतं. अंकाचं, लेखकाचं नाव लिहीत नाही, मला वाद नको आहे. पण तेव्हापासून मी गप्प बसतो. कुणाला काही सांगत नाही आणि खरं सांगायचं तर लिहितही नाही.

वकील_ताई

इंदिरानगरी, तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. कायदा मात्र इथे फारशी साथ देत नाही, ते आधीच सांगते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संरक्षण मिळतं ते मांडणीला. नुसत्या कल्पनेला, विषयाला, कथासूत्राला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा निकाल यावर आजही सगळे दाखवतात. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं, दोन प्रांतांतल्या कुटुंबांतल्या मुला-मुलीच्या लग्नाचं. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आला. त्यांचं म्हणणं, माझंच नाटक उचललं. न्यायालय म्हणालं, प्रांतवादाचा विषय समान आहे, पण विषयावर कुणाचा हक्क नसतो. मांडणी, प्रसंग, पात्रं वेगळी आहेत. आनंद हरले.

तुम्ही कथा लिहिलेली असती आणि समोरच्याने प्रसंगामागून प्रसंग, संवादामागून संवाद घेतले असते तर गोष्ट वेगळी होती. लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असली तर पुराव्याला बरी पडते. आणि तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढे ६० वर्षं राहतो.

आता वकिलीबाहेरचं. तुमची दोन ताटं मला या क्षणी दिसतायत. तो माणूस दुसरं ताट कुणासाठी सांगतो हे मला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. त्या अंकातल्या लेखकाला जे दिसलं ते त्याचं. तुम्ही लिहा हो.

इंदिरानगरी

धन्यवाद ताई. तो कुणासाठी सांगतो ते त्या छापलेल्या कथेत वेगळंच होतं. माझ्या मनातलं अजून माझ्याकडेच आहे. हे आजवर असं लक्षात आलं नव्हतं.

निफाडचा_बागायतदार

मी काही लेखक नाही. रात्री मोटार चालू करायला जातो तेव्हा मोबाइलवर हे धागे वाचतो. पण गोदाकाठ ताईंना एक सांगावंसं वाटलं.

द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. पाहुण्यारावळ्यांना वाटतं, घड ऑक्टोबरनंतर लागतो. दिसतो तेव्हा. पण तो काडीच्या डोळ्यात धरतो उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत. आम्ही त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतो. त्या दिवसांत काडीकडं बघून काही म्हणजे काही कळत नाही. ऊन कमी पडलं, ढगाळ राहिलं, नत्र-पाणी जास्त झालं की वेल हिरवागार वाढतो, फांद्या फोफावतात, बघणारा म्हणतो काय बाग आहे. आणि गोडी छाटणीनंतर कळतं, घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता वळणारा तंतू, निघाली. म्हणून त्या दिवसांत फेलफुटी, म्हणजे बगलेतले नको असलेले फुटवे, काढायच्या, उरलेल्या काडीला ऊन लागू द्यायचं.

तेव्हा ताई, इतकी वर्षं लिहिली नाही म्हणजे काही झालं नाही असं समजू नका. आत काय धरलंय ते बाहेरून दिसत नाही. पण काडी पिकल्यावर कात्री लावावीच लागते. न छाटलेल्या बागेला घड येत नाहीत, हेही तेवढंच खरं.

देवळालीकर

बागायतदार भाऊ, 'मी काही लेखक नाही' हे पहिलं वाक्य काढून टाका. बाकी सगळं लेखकाचंच आहे.

सातपूरकर

फेलफुटी काढायच्या हे वाक्य मी मशीनवर खडूने लिहून ठेवणार आहे. माझ्या प्रत्येक कथेत शेजारी, मावशी, मावशीचा दीर असे फुटवे येत राहतात.

गोदाकाठ

भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. कात्री लावते. इथेच, तुमच्यासमोर.

गोष्ट जुन्या नाशकातली. चौकात एक रहाड आहे. बाहेरगावच्या सभासदांसाठी सांगते, रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचा दगडी हौद, रस्त्याच्या पोटात. वर्षभर बुजवलेला. वरून माणसं, स्कूटर, भाजीच्या गाड्या जातात. रंगपंचमीला उघडायचा, पानाफुलांचा रंग उकळून त्यात भरायचा, पूजा करायची आणि मग लोक त्यात उड्या मारतात. त्या उडीला आपल्याकडे धप्पा म्हणतात.

माझ्या गोष्टीत पूजेचा आणि पहिल्या धप्प्याचा मान एका घराकडे आहे. त्या घरचा म्हातारा आता थकलाय. मुलगा परदेशी. मुलगा दर वर्षी येतो म्हणतो, येत नाही. या वर्षी डॉक्टरांनी म्हाताऱ्याला पाण्यात उतरायचं नाही म्हणून बजावलंय. रहाड उघडलीय, रंग भरलाय, ढोल वाजतायत, अख्खा चौक त्याच्याकडे बघतोय. एवढंच आहे माझ्याकडे. तो उडी मारतो का, कुणाला मारायला सांगतो, मुलगा येतो का, हे दर वर्षी बदलतं.

आणि अडचण ही की असं एक घर खरंच माझ्या ओळखीत आहे. रहाडीचं नाही, त्यांचा मान वेगळा आहे. पण बाप आणि न येणारा मुलगा खरे आहेत. मी त्यांच्याकडे चहा पिते. त्यांचं दुःख उचलून मी छापायचं का?

तिवंधाकर

वा! आमच्या दारातली गोष्ट.

दोन-तीन गोष्टी सांगतो, रागावू नका. रहाड उघडणं म्हणजे झाकण उचललं आणि झालं, असं नसतं. आधी वरची माती काढतात, मग लाकडाचे ओंडके. आत साचलेलं काढून हौद धुवावा लागतो. ही कामं रंगपंचमीच्या आधी सुरू होतात आणि त्या वेळी चौकातली जी माणसं एरवी एकमेकांशी बोलत नाहीत तीही घमेली देताघेता बोलतात. तुमची गोष्ट त्या दिवसापासून सुरू करा. थेट ढोलावर गेलात तर म्हातारा एकटा दिसेल. ओंडके निघताना तो कुठे बसलाय, कुणाला काय सांगतोय, कोण ऐकतंय, ते दाखवलंत तर चौकही दिसेल.

दुसरं, रंगाचा वास. ताजा उकळलेला पानाफुलांचा रंग आणि इतके महिने मातीखाली असलेल्या दगडाचा ओलसर वास, हे दोन्ही एकदम येतात. कपड्यांत, केसांत दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतात. हे लिहिलंत तर आमच्यासारखा माणूस म्हणेल, बाईंनी बघितलंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पण माझ्याच घरचं कुणी लिहिलं तर मला काय वाटेल याचा विचार केला. वाईट लिहिलं तर राग येईल. उथळ लिहिलं तर जास्त येईल.

पंचवटीची_लेक

तिवंधाकर काकांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

माझं घर रामकुंडापासून जवळ. घाटावर आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन रोज कुठून कुठून लोक येतात. लहानपणापासून बघते. त्यांच्या गोष्टी कानावर पडतात, कारण दुःखात माणूस अनोळखी माणसालाही सगळं सांगतो. मी त्यावर एक कथा लिहिली तेव्हा स्वतःला एक नियम घालून घेतला. ज्याचं दुःख आहे त्याने ती कथा वाचली तर त्याला आपली चोरी झाली असं वाटता कामा नये. कुणीतरी आपल्या शेजारी येऊन बसलं असं वाटावं. नाव, गाव, नातं बदलणं हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग, त्या माणसाला आपल्यापेक्षा कमी शहाणा न समजणं.

गोदाकाठ, एक विचारू? तुमच्या गोष्टीत रंग उकळतं कोण?

गोदाकाठ

विचारलंत आणि मी हातातलं काम टाकून बसले. रंग म्हाताऱ्याची बायको उकळते. माझ्या मनात ती पहिल्यापासून आहे, चुलीपाशी, हातात मोठा डाव. मी तिच्याकडे वळून बघितलंच नव्हतं. तिला तर सगळं माहीत असणार. मुलगा का येत नाही तेही.

देवळालीकर

मग पहिला धप्पा तिचाच! ठरलं.

अक्षरवेल

नको ना. देवळालीकर, राग मानू नका, पण ते वाचकाला दुसऱ्याच पानावर कळेल. म्हातारा थकला, मुलगा नाही, चुलीपाशी बाई, म्हणजे उडी बाईच मारणार. टाळ्या पडतील आणि गोष्ट विसरली जाईल.

अवघड गोष्ट दुसरी आहे. मुलगा खरंच आला तर? ढोल वाजतायत आणि तो दारात उभा आहे, बॅग खाली न ठेवता. मान आता त्याचा. त्याला पोहता येतं की नाही, उडी मारायची इच्छा आहे की नाही, आणि बापाला तो आता तिथे हवा आहे का? आई डाव ढवळत या दोघांकडे बघते. माझ्या मते सगळी गोष्ट तिच्या बघण्यात आहे. उडी कुणी मारली ते नाही सांगितलं तरी चालेल.

देवळालीकर

राग कसला. तुमचं जास्त खरं वाटतंय.

वकील_ताई

आणि अक्षरवेल, सांगू नये म्हणणाऱ्या तुम्हीच दुसऱ्याच्या गोष्टीला इतका जीव लावलात!

अक्षरवेल

दुसऱ्याची आहे म्हणून जमलं. माझ्या गोष्टी मी अजूनही सांगणार नाही. गोदाकाठ, तुम्हालाही सांगते, आता पुरे. आता या धाग्यावर तिचा शेवट ठरवू नका. जेवढं मिळालं तेवढं घेऊन आत जा आणि दार लावा.

पंचवटीची_लेक

हे सगळं वाचताना आजीची श्रावणातल्या रविवारची आदित्यराणूबाईची कहाणी आठवली. ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाकडे दिलेली, एक प्रधानाकडे. तो मोठीकडे जातो. ती गूळ-पाणी पुढे करते. तो म्हणतो, आधी माझी कहाणी ऐक. ती म्हणते, मला वेळ नाही, राजा पारधीला जाणार आहे. तो उठून धाकटीकडे जातो. ती ऐकते. पुढे मोठीला दारिद्र्य येतं, धाकटीचं भरभराटीला लागतं. आणि शेवटी त्या मोठीलाच कहाणी सांगायची असते. सहा मोती घेऊन ती ऐकणारा शोधत निघते. मोळीविक्या, माळी, म्हातारी, जो भेटेल त्याला. तीन मोती ऐकणाऱ्याला, तीन स्वतःला.

लहानपणी मला वाटायचं, पैसे देऊन गोष्ट सांगायची, हे काय? सांगणाऱ्यालाच द्यायला हवेत ना? आता वाटतं त्या कहाणीला कुणीतरी फार विचार करून असं रचलंय. मोती सारखे वाटलेत. ऐकणाऱ्याचाही त्या गोष्टीत सांगणाऱ्याइतकाच वाटा. आणि ऐकायला वेळ नाही म्हणणं हा त्यात सगळ्यात मोठा अपराध धरलाय. आपल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या तोंडी चालवलेल्या या कहाण्यांना लेखकाचं नाव नाही, मालक नाही. सांगायची जबाबदारी मात्र आहे, वसा म्हणून. गोदाकाठ, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये जे म्हणालात ते आपल्याकडे फार जुनं आहे.

जुना_वाचक

पंचवटीची_लेक, ही कहाणी मी दरवर्षी ऐकायचो, पण मोत्यांच्या वाटणीकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. छान दाखवलंत.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. अक्षरवेल म्हणतात तसं दार लावते. ओंडके निघण्याच्या दिवसापासून सुरू करणार, आईच्या बाजूने. ओळखीच्या त्या घरी आज चहाला गेले होते. मी त्यांना सांगितलं की बाप आणि दूर गेलेला मुलगा अशी एक कथा लिहितेय. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, लिही, पण पोराला वाईट करू नकोस. मला वाटतं, कथा कशी लिहायची ते यात आलं.

तिवंधाकर काका, एक विचारायचं राहिलं. ओंडके दर वर्षी तेच असतात का? आणि काढल्यावर ठेवतात कुठे?

तिवंधाकर

चांगले असतील ते पुन्हा वापरतात, कुजलेले बदलतात. ठेवायला चौकातच कडेला, ज्याच्या भिंतीपाशी जागा असेल त्याच्याकडे. त्यावर पोरं बसतात. तुमचा म्हातारा बसवायचा तर तिथे बसवा. आणि पुढच्या रंगपंचमीला या, मी उभा राहून दाखवतो.

निफाडचा_बागायतदार

देवळालीकर साहेबांनी माझं पहिलं वाक्य काढायला लावलं, म्हणून धीर करतो. माझ्याकडे पण एक आहे. कुणाला सांगितलेली नाही.

लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत लावून रात्र काढत होतो. माझ्या पुढं एक म्हातारा, ट्रॉलीत थोडकाच कांदा, पण एक-एक निवडलेला, बघत राहावा असा. आम्ही त्याच्या चुलीवर चहा केला. भाव काय मिळंल यावर बोललो. तो म्हणाला, मला भावाचं काही नाही, मला फक्त पावतीवर नाव पाहिजे. मला कळलं नाही, झोप आली होती. पहाटे रांग हलली. पुढचे ट्रॅक्टर सरकले, त्याचा सरकेना. मागून हॉर्न वाजायला लागले. मी उतरून बघितलं तर सीटवर कोणी नाही. चावी तशीच. ट्रॉलीतला कांदा तसाच. चुलीत अजून निखारा.

सातपूरकर

मग? आणि पावतीवर कुणाचं नाव?

निफाडचा_बागायतदार

सांगतो. आधी फवारणी उरकून येतो, ढग भरून आलेत.